बांधावरचं गवत आणि तात्यांचा चेहरा

रुग्ण पुरुष, वय 54. पुरंदर तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी. साडेतीन एकर रान: एक एकर अंजीर, अर्धा एकर शेवंती, उरलेल्यात वाटाणा आणि ज्वारी. गावात त्यांना तात्या म्हणतात, इथंही तेच म्हणतो; ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. तक्रार चार वर्षांची. तोंड, मान आणि कोपराच्या आतल्या घडीला असह्य खाज, आणि कातडी जाड, काळी पडत चाललेली.

पहिली दोन वर्षं हा त्रास जूनमध्ये सुरू व्हायचा आणि दिवाळीनंतर आपोआप ओसरायचा. घरचे त्याला पावसाळी खाज म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तो ओसरलाच नाही. माझ्याकडे आले तेव्हा डिसेंबर होता. तात्या उपरण्यात तोंड गुंडाळून बाकाच्या टोकाला, बाकीच्या पेशंटपासून दोन माणसांची जागा सोडून बसले होते. शेजारी मुलगा, आणि त्याच्या हातात संपलेल्या ट्यूबांनी भरलेली पिशवी.

त्या पिशवीतच निम्मा इतिहास होता. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली. त्वचेवरच्या स्टेरॉइड मलमांची अशी विक्री केंद्र सरकारने 2018 मध्येच बंद केली, पण कागदावर. त्याखेरीज जवळच्या एका दवाखान्यात दर पंधरवड्याला इंजेक्शन, आणि जत्रेत भेटलेल्या कुणाकडून ‘रक्त शुद्ध करणारी’ पुडी. पुडीत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. घेतली की दोन दिवसांत उतार, सोडली की आठवड्यात दुप्पट, गाल सुजलेले आणि रक्तातली साखर वाढलेली. एवढ्यावरून पुडीत स्टेरॉइड असावं असा अंदाज मी बांधला आणि पुडी त्याच दिवशी बंद करायला लावली.

पथ्यंही जोरात होती. वांगं, शेंगदाणे, अंडी, दूध, आंबट, सगळं दोन वर्षांपासून बंद. माणूस 58 किलोंवर आला होता. खाजेच्या प्रत्येक पेशंटचं वांगं बंद करायची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आहे. या आजाराचा जेवणाशी संबंध नव्हता. पहिल्या भेटीत मी सर्वांत आधी काय केलं असेल, तर त्यांचं जेवण त्यांना परत दिलं.

तपासताना काय दिसलं, ते जरा तपशिलात सांगतो, कारण निदान तिथंच होतं. कपाळावरच्या आठ्या बोट बुडेल इतक्या खोल झाल्या होत्या. आजार मात्र टोपीच्या काठाशी येऊन रेघ मारल्यासारखा थांबला होता. टोपीखालचं टक्कल अगदी स्वच्छ. वरच्या पापण्या जाड, कानामागे चिरा, हनुवटीच्या खालचा भागही धरलेला. तुळशीची माळ बाजूला केली तर तिच्या मण्यांखाली बारीक कोंडा साठलेला. शर्टाच्या उघड्या गळ्याचा त्रिकोण काळवंडलेला आणि त्याखालची छाती नितळ. तळहात जवळजवळ शाबूत.

नुसत्या उन्हाचा आजार सावलीतल्या जागा सोडतो. कानामागे, हनुवटीखाली, पापणीच्या घडीत ऊन पोचत नाही, म्हणून तिथली कातडी चांगली राहते. तात्यांच्या नेमक्या त्याच जागा बिघडल्या होत्या. म्हणजे दोष ज्याचा होता ते हवेतून येत होतं, धुळीसारखं सगळीकडे बसत होतं आणि घडीत अडकून राहत होतं.

तात्यांचा स्वतःचा संशय अंजिरावर होता, आणि तो अडाणी संशय नव्हे. अंजिराच्या चिकात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. फळं तोडणारे सगळेच हे जाणतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. पण चिकाचे डाग जिथं चीक सांडतो तिथं उठतात: बोटांवर, मनगटावर, ओघळाच्या आकाराचे. कानामागे चीक कोण लावून घेईल?

मी विचारलं, “बांधावर काँग्रेस किती आहे?”

तात्या हसले. “काँग्रेस कुठं न्हाई, डॉक्टर?”

काँग्रेस गवत, गाजर गवत, शास्त्रीय नावाने पार्थेनियम. मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती 1950 च्या दशकात, आणि तीही पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं आजही सांगितलं जातं. पुढच्या वीसेक वर्षांत ते देशभर पसरलं, आणि 1970 च्या दशकात पुणे भागातल्या शेतकऱ्या-मजुरांच्या त्वचारोगाची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत यायला लागली. म्हणजे हा आजार इथला जुना रहिवासी आहे. तरी तात्यांना चार वर्षांत त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

ते का, याचं एक कारण आजाराच्या स्वभावात आहे. या गवताच्या अंगावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वर्षानुवर्षं संपर्क येता येता एखाद्याचं शरीर त्याला शत्रू मानायला लागतं, आणि एकदा मानलं की सहसा विसरत नाही. ही ॲलर्जी उशिरा बोलते. आज गवतात हात घातला तर खाज उद्या रात्री किंवा परवा सुटते. तात्यांनी ज्या दिवशी बांध साफ केला त्या दिवशी काहीच झालं नाही. दोन दिवसांनी अंजीर तोडले आणि चेहरा पेटला. दोष अंजिराच्या माथी गेला. दुसरं असं की वाळलेलं गवतही तेवढंच वाईट. तणनाशक मारून ते उभं वाळलं तरी त्याचा भुगा वाऱ्यावर उडत राहतो. आणि असा आजार मुरला की पुढे काहींना ऊनच सोसेनासं होतं. मग हंगाम संपला तरी आजार संपत नाही. तिसऱ्या वर्षी तात्यांचं हेच झालं होतं.

संशय पक्का करायला पॅच टेस्ट हवी होती. पण इंजेक्शनं आणि पुडी एकदम बंद केल्यावर आजार उसळणार हे दिसत होतं, म्हणून प्रेडनिसोलोन, म्हणजे पोटात घ्यायचं स्टेरॉइड, 30 मिलिग्रॅमपासून उतरत्या मात्रेत सहा आठवडे दिलं आणि साखरेवर लक्ष ठेवलं. ते संपवून, मध्ये थोडे दिवस जाऊ देऊन, फेब्रुवारीत टेस्ट केली. पाठीवर छोट्या वाट्यांतून ठरावीक पदार्थ चिकटवायचे, 48 तासांनी काढायचे, तेव्हा आणि पुन्हा 96 तासांनी बघायचं. एवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. शेतकऱ्याला ही अट गोळ्यांपेक्षा जड जाते. तात्यांनी ती पाळली. पार्थेनियमच्या जागी फोड आले, तीन अधिक, म्हणजे जोरदार ॲलर्जी. शेवंतीच्या जागी लाल, उंचावलेली, दोन अधिक. बाकी पाठ कोरी.

शेवंती निघाली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, तात्यांना वाटलं. सूर्यफूल, शेवंती आणि काँग्रेस ही सगळी एकाच कुळातली, आणि शरीर भावकी ओळखतं.

“मग करायचं काय?” मुलाने विचारलं. पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे: त्या वनस्पतीपासून लांब राहा. मी ते म्हणून पाहिलं. तात्या शांतपणे म्हणाले, “रानात जाऊ नका म्हनायला तुमचं काय जातंय? जितराबाला वैरण कोन टाकंल?”

बरोबर होतं त्यांचं. ‘लांब राहा’ हा सल्ला बँकेत नोकरी करणाऱ्याला देता येतो. शेतकऱ्याला तो देणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं. गोळी लिहायला मला पाच मिनिटं लागतात. या प्रकरणात खरा वेळ गेला तो तात्यांचा दिवस तासातासाने उलगडून बघण्यात, आणि आज तात्या बरे आहेत त्यात माझ्या मते गोळीइतकाच त्या उलगडण्याचा वाटा आहे.

दिवसाची फेरमांडणी

मुलाला, सुनेला आणि तात्यांच्या मंडळींना, ज्यांना मी मावशी म्हणतो, एकत्र बसवलं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण कुठं असतं ते विचारत गेलो. गवत कुठंकुठं भेटतं याची यादी आपोआप बाहेर आली. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला सुचल्या नसत्या.

वैरण मावशी कापून आणायच्या, पण ओझं सोडून गव्हाणीत टाकायचे तात्या, आणि गवताबरोबर काँग्रेसही आलेलं असायचं. जनावरं ते शेवटाला ठेवतात आणि मग तात्या ते हाताने गोळा करून उकिरड्यावर टाकायचे. धुतलेले कपडे बांधालगतच्या कुंपणावर वाळत पडायचे, म्हणजे स्वच्छ शर्ट अंगात घालतानाच भुगा अंगाला लागत होता. रानात जायला मोटारसायकल, रस्ता दोन्ही बाजूंनी काँग्रेसने भरलेला, डोक्याला हेल्मेट नाही. दुपारची वामकुक्षी बांधावरच्या लिंबाखाली, उपरणं अंथरून. आणि तेच उपरणं घरी येताना तोंडाला.

या जागा शोधताना मुलाने एकदा मध्येच थांबून वडिलांकडे बघितलं. उपरण्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तोंड झाकायला म्हणून जे वापरत होते, त्यातूनच माल चेहऱ्यावर चोळला जात होता.

बदल साधे ठरले. गव्हाण मुलाकडे. कपडे ओट्यावरच्या तारेवर. काचेचं हेल्मेट, ज्याला तात्यांनी महिनाभर विरोध केला, कारण ते टोपीवर बसत नाही. शेवटी टोपी खिशात जायला लागली. रानातली कामं सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर, म्हणजे ऊनही टळतं आणि दव असताना धूळही कमी उडते. शेतीच्या विजेची पाळी रात्री असली की उन्हापुरतं तात्यांचं फावतंच, मात्र पाटाच्या कडेने जाताना पाय आणि हात पूर्ण झाकलेले हवेत. परत आल्यावर कपडे बाहेरच उतरवायचे, आंघोळ लगेच, वजरी बंद, टॉवेलने रगडणं बंद, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. खोबरेल चालेल का, असं मावशींनी विचारलं. चालेल, म्हणालो. महागाचं मॉइश्चरायझर लिहून ते न लावण्यापेक्षा घरचं खोबरेल रोज लावलेलं बरं.

सनस्क्रीनवर मी फार जोर दिला नाही. घामाने तासाभरात वाहून जाणारी ट्यूब दिवसातून तीनदा लावणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. रुंद काठाची हॅट मुलाने आणली, ती अजून खुंटीवर आहे. टोपीवरून रोज धुतलेलं मोठं फडकं, कानामागून मानेवर सोडलेलं, एवढ्यावर तडजोड झाली.

औषधं

चेहऱ्याला टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम, अंगाला मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम मोजक्या दिवसांसाठी, रात्री झोपेपुरती खाजेची गोळी. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस आग होते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतो.

मुख्य औषध ॲझाथायोप्रिन. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा जोर उतरवणारी ही गोळी पार्थेनियमच्या त्वचारोगात आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरली जाते. तिची मर्यादा अशी की गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आणि काही जणांच्या शरीरात जनुकीय कारणामुळे ती नीट मोडत नाही व पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, काविळीच्या विषाणूंची तपासणी, यकृताच्या चाचण्या; मग 50 मिलिग्रॅमने सुरुवात, दोन आठवड्यांनी रक्त तपासून 100. पुढे सुरुवातीला पंधरवड्याला, नंतर महिन्याला, मग तीन महिन्यांनी रक्त. गोळी स्वस्त, तपासण्या आणि एसटीच्या खेपा महाग. हा हिशोब उघड मांडला नाही तर लोक गोळी चालू ठेवतात आणि तपासणी सोडतात, आणि धोका नेमका त्यातच आहे. तात्यांना मी एक वाक्य घोकायला लावलं: ताप आला, तोंड आलं, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी फोन करायचा. पायाच्या अंगठ्याच्या दुखण्यावर कुणी युरिक ॲसिडची गोळी दिली तर मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हेही, कारण ॲलोप्युरिनॉल आणि ही गोळी एकत्र पडणं जिवावर बेतू शकतं.

एप्रिलअखेर तात्या रात्रभर झोपायला लागले. खाज दहापैकी किती, या प्रश्नाला डिसेंबरात उत्तर होतं “धा”. आता “तीन. कधी दोन.”

भावकीचा बांध

आपल्या रानातलं गवत मुलाने काढलं: फुलोरा यायच्या आत, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, मुळासकट, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. हातमोज्यांचा आग्रह मी धरला, कारण बापाला झालं ते उद्या मुलाला होऊ शकतं. पण वारा पश्चिमेचा, आणि पश्चिमेला चुलतभावाची पडीक जमीन. दोघांचा बांधावरून कोर्टात दावा. त्या तुकड्यात छातीएवढं काँग्रेस. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतं, तेव्हा आपलं रान कितीही साफ केलं तरी दुसऱ्या पावसाला पुन्हा हिरवं.

इथं डॉक्टरचं काही चालत नाही. वाट मुलानेच काढली. चुलतभावाच्या वाटाण्यावर फवारणी करून द्यायची आणि बदल्यात त्याच्या पडीकात उतरायची मुभा घ्यायची. सावड पूर्वी होतीच, दाव्यामुळे तुटली होती. दावा तसाच आहे, सावड चालू झाली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात टाकळ्याचं बी फेकलं, तो दाट उगवला की काँग्रेसला जागा उरत नाही. मेक्सिकोहून 1983 मध्ये भारतात आणलेले भुंगेही सोडले. पावसाळ्यात ते याची पानं फस्त करतात. त्यांचा उपयोग झाला, पण भुंग्यांच्या भरवशावर बांध सोडावा असं मी कुणाला सांगणार नाही. पाऊस संपला की ते जमिनीत जातात आणि गवत मात्र ओल मिळेल तिथं वाढत राहतं.

लोक

चेहरा काळा, जाड, आठ्या पडलेला. गावात ‘महारोग’ असं कुजबुजलं गेलं होतं. सलूनवाल्याने दाढी करायला टाळाटाळ केली. भजनात तात्या पखवाज वाजवायचे, ते त्यांनी स्वतःहून सोडलं, कुणी म्हणायच्या आत. मी मुलाला चिठ्ठी लिहून दिली, मराठीत, मोठ्या अक्षरांत: हा आजार गवताच्या ॲलर्जीचा आहे, एकापासून दुसऱ्याला होत नाही. ती सलूनमध्ये दाखवली गेली. तिचा किती उपयोग झाला ठाऊक नाही. चेहरा निवळल्याचा जास्त झाला असावा.

वारी चुकवणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आषाढातला पालखी मार्ग आणि मुक्कामाची माळरानं म्हणजे काँग्रेसचं माहेर. मी नको म्हणालो नाही. निघण्याआधी रक्त तपासलं, दिंडीच्या तंबूत ताडपत्री अंथरल्याशिवाय आडवं व्हायचं नाही आणि अंथरूण रोज झटकण्याचं काम दुसऱ्याने करायचं, एवढं ठरलं. सासवडपासून पंढरपूरपर्यंत चालले. पापण्यांना थोडी खाज घेऊन परतले, चार दिवसांच्या मलमात गेली.

खरी उसळी आली ती दसऱ्याला, आणि शेवंतीने. तोडणीला जाणार नाही, नुसता काट्यावर बसेन, असं म्हणून ते मार्केट यार्डला जायच्या मालाजवळ संध्याकाळभर बसले. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला. आठवडाभर प्रेडनिसोलोन द्यावं लागलं.

शेवंतीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. झेंडू लावावा तर तोही त्याच कुळातला. निशिगंधाचं कुळ वेगळं, पण दसरा-दिवाळीचा एकरकमी पैसा शेवंतीच देते, आणि मावशींचं म्हणणं असं की पैसा त्यांच्या हातात येणारं ते एकच पीक आहे. या वर्षापुरतं ठरलंय ते असं: तोडणी मावशी आणि बाया करतील, क्रेट रानाच्या कडेलाच टेम्पोत चढतील, घरच्या ओट्यावर एकही येणार नाही, आणि तोडणीचे कपडे वेगळ्या बादलीत. पुढच्या वर्षी अर्ध्या जागेत निशिगंध लावून बघायचा, असं मुलगा म्हणतो. मावशी अजून हो म्हणालेल्या नाहीत.

ॲझाथायोप्रिन थंडीत 50 मिलिग्रॅमवर आणली आहे. मे संपताना पुन्हा वाढवायची की नाही हे बांधावर काय उगवतं ते बघून ठरेल. पुढचं रक्त होळीनंतर.